एका पिंपाची रम: ६० टक्क्यांची बाटली उघडण्याआधी

रम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओल्ड मंक येते. पावसाळी संध्याकाळ, कोला नाहीतर कोमट पाणी आणि खारे शेंगदाणे. मीही तीच पीत आले आणि आजही आवडीने पिते. चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मित्राने परदेशातून येताना जमैकाची एक बाटली आणली. हॅम्पडेन या डिस्टिलरीची, एकाच पिंपातली, ६२ टक्के अल्कोहोलची. वाशीला त्यांच्या घरी आम्ही सहा जणांनी ती नेहमीच्या ग्लासात, नेहमीच्या मापाने ओतली. पहिल्या घोटालाच घसा पोळला. "हे तर नेलपॉलिश आहे," असं म्हणून सगळ्यांनी ग्लासात कोला ओतला. उरलेली अर्धी बाटली मित्राने माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही लॅबवाल्या, तुम्हीच बघा काय आहे ते."

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. मोजायची, टिपून ठेवायची आणि पुन्हा तपासायची सवय आहे. त्या अर्ध्या बाटलीबरोबर मी दोन महिने घालवले. इतका सुंदर वास मी क्वचितच घेतला आहे. पहिली अर्धी बाटली आम्ही वाया घालवली, याची हळहळ अजून जात नाही. तुमच्या हातात अशी बाटली आली तर तसं होऊ नये, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

जे दारू पीत नाहीत त्यांनी यासाठी सुरुवात करावी, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात रमसारखी कडक दारू घ्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवाना लागतो, हेही आधीच सांगते.

१. लेबल नीट वाचा

नेहमीच्या रममध्ये अनेक पिंपांचा माल एकत्र करतात, म्हणजे चव दरवर्षी सारखी राहते. सिंगल कास्क म्हणजे एकाच लाकडी पिंपातला माल. बर्बनचं, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीचं, जुनं पिंप साधारण २०० लिटरचं असतं आणि वर्षानुवर्षं त्यातून माल उडत राहतो, त्यामुळे शेवटी शे-दोनशे बाटल्याच निघतात. कास्क स्ट्रेंथ म्हणजे बाटलीत भरताना पाणी घालून टक्का उतरवलेला नाही. दोन्ही शब्द एकत्र आले की त्या एका पिंपाचा स्वभाव तुमच्यासमोर उघडा येतो, चांगला असो की वाईट.

लेबलवर या गोष्टी शोधा: डिस्टिलरीचं नाव, गाळल्याचं (डिस्टिल केल्याचं) साल, बाटलीत भरल्याचं साल, पिंपाचा क्रमांक, एकूण बाटल्या, अल्कोहोलचा टक्का. आणि पिंप कुठे ठेवलं होतं तेही बघा. कॅरिबियन बेटांच्या उकाड्यात पिंपातून वर्षाला साधारण ६-७ टक्के माल उडतो, युरोपातल्या थंड गोदामात २ टक्क्यांच्या आसपास. उष्णतेत लाकडाचा अर्कही भराभर उतरतो. म्हणून जमैकात १० वर्षं मुरलेली आणि युरोपात १० वर्षं मुरलेली रम एकाच वयाची दिसली तरी पहिलीत लाकूड जास्त बोलतं आणि दुसरीत मूळ मालाचं फळ जास्त राहतं.

दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे प्रूफ, अल्कोहोल मोजायचं जुनं माप. आपल्या बाटल्यांवरचं ७५ अंश प्रूफ हे ब्रिटिश माप आहे, त्याचे ४२.८ टक्के होतात. ब्रिटिश १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, तर अमेरिकन १०० प्रूफ म्हणजे फक्त ५० टक्के. प्रूफकडे बघूच नका, टक्का बघा. दुसरं म्हणजे लेबलवरचा मोठा आकडा. १५ किंवा २३ असं ठळक छापलेलं असलं तरी त्यापुढे 'वर्षं' लिहिलंय का, ते पाहा. सोलेरा पद्धतीत, म्हणजे जुन्या मालात नवा माल मिसळत जातात तेव्हा, असा आकडा मिश्रणातल्या सर्वांत जुन्या मालाचा असू शकतो, सगळ्या रमचा नाही.

थेट ६० वर उडी मारण्यापेक्षा मध्ये एक पायरी घेतलेली बरी. आपल्याकडची कॅमिकारा ही उसाच्या रसापासून केलेली रम; तिची १२ वर्षांची आवृत्ती ५० टक्क्यांना भरलेली आहे. ४२.८ वरून ६२ वर जाताना तोंडाला मधे असा एक टप्पा मिळाला तर फार उपयोग होतो.

२. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं थोडीच आहेत:

- राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना. एका दिवसाचा दुकानातच मिळतो, वर्षाचा किंवा कायमचा ऑनलाइन अर्ज करून मिळतो. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि फोटो तयार ठेवा.
- खरेदीचं बिल. बाटली संपेपर्यंत जपा.
- परदेशातून आणत असाल तर ड्यूटी फ्रीची पावती. एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. ७० टक्क्यांच्या वरची बाटली विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. ओव्हरप्रूफ, म्हणजे फारच कडक, रमच्या मोहात पडून विमानतळावर बाटली सोडून आलेले लोक मी पाहिले आहेत.

सामान:

- तोंडाशी निमुळते, पोटाशी फुगीर असे दोन छोटे ग्लास. ग्लेनकेर्न मिळाले तर उत्तम, नाहीतर लहान वाइन ग्लास चालतो. रुंद तोंडाचा व्हिस्की ग्लास नको, त्यात वास पसरून जातो आणि नाकाला अल्कोहोल तेवढं झोंबतं.
- मेडिकलमधून आणलेली ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज आणि एक ड्रॉपर.
- ग्लास झाकायला दोन छोट्या बश्या.
- खोलीच्या तापमानाचं आरओचं किंवा बाटलीबंद पाणी. बोअरचं नको, त्यातले क्षार चवीत उतरतात.
- साधा पाव किंवा बिनमिठाचे कुरमुरे, पिण्याचं वेगळं पाणी, वही आणि पेन्सिल.

३. बाटली उघडण्याआधी एकदा फळबाजारात जा

ही पायरी कुणी सांगत नाही. माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

परदेशी टिपणांत टॉफी, मार्झिपान, ब्रियोश असे शब्द असतात. ते वाचून मला वाटायचं, आपल्याला वास ओळखता येत नाहीत. मग एका सकाळी वाशीच्या एपीएमसी फळबाजारात अननसाच्या ढिगापाशी उभी राहिले. खालचे अननस पिकून फुटले होते, रस लाकडी खोक्यावर ओघळून आंबायला लागला होता. गोड, आंबट, थोडा झोंबणारा, नाकात शिरून बसणारा वास. हॅम्पडेनच्या ग्लासात अगदी हाच होता. बाटली घरात, आणि तिचा शब्द मला तुर्भ्याच्या बाजारात सापडला.

यामागे रसायनशास्त्र आहे. ऊस किंवा मळी आंबताना आम्लं आणि अल्कोहोल एकत्र येऊन एस्टर तयार होतात. इथाइल ब्युटिरेटला अननसाचा वास असतो, आयसोअमाइल ॲसिटेटला पिकल्या केळ्याचा आणि इथाइल ॲसिटेटला नेलपॉलिशचा. पिकणाऱ्या फळांतही हीच कुटुंबं असतात. हलकी रम करणारे मळी एक-दोन दिवस आंबवतात. हॅम्पडेनसारख्या ठिकाणी हवेतल्या जंगली यीस्टवर आंबवण आठवडा-दोन आठवडे आणि त्याहूनही जास्त चालते, आधीच्या गाळपातला उरलेला आंबट द्रव पुन्हा वापरतात, आणि मग पॉट स्टिलमध्ये, म्हणजे मोठ्या भांड्यात खेपेखेपेने तापवून, गाळतात. हातभट्टीचं तत्त्व ज्याला माहीत आहे त्याला पॉट स्टिल वेगळा समजावायला नको. तिथल्या मालाला एस्टरच्या प्रमाणानुसार खुणा असतात. एलआरओके या खुणेत शुद्ध अल्कोहोलच्या दर १०० लिटरमागे २०० ते ४०० ग्रॅम एस्टर, तर डीओकेमध्ये १५०० ते १६००. लेबलवर खूण असेल तर ती बघून घ्या. डीओके पहिल्यांदाच घेणाऱ्यासाठी नाही.

बाजारात केळी, फणस, चिकू, पपई यांचा पिकण्याआधीचा आणि उतरल्यानंतरचा वास घ्या. घरी आल्यावर डबे उघडा: गूळ, काकवी, लवंग, जायफळ, सुकं खोबरं, सुपारी, मुरलेलं लोणचं. ओकच्या लाकडातून व्हॅनिलिन उतरतं, लवंगेतलं युजेनॉल उतरतं आणि खोबऱ्यासारखा वास देणारी लॅक्टोन उतरतात, त्यामुळे मसाल्याचा डबा इथे पुस्तकासारखा उपयोगी पडतो. त्रिनिदादची कॅरोनी ही डिस्टिलरी २००३ मध्ये बंद पडली. तिच्या रममध्ये डांबराचा वास असतो, असं सगळे सांगतात. मला एकदाच थोडी चाखायला मिळाली आणि घोडबंदर रोडवर पावसाळ्याआधी ओततात ते गरम डांबर आठवलं. तोच शब्द मी वहीत लिहिला.

४. दिवस आणि खोली निवडा

त्या दिवशी दुपारी मामलेदारची मिसळ खाऊ नका. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला पेटवतं, त्यालाच अल्कोहोलही चाळवतं. तर्री ओरपून आलेल्या तोंडाला ६० टक्के दुपटीने जाळतात आणि बाकी काही कळत नाही. दहीभात, वरणभात असं सौम्य जेवून दोन तासांनी बसा. रिकाम्या पोटी तर अजिबात नको.

घरात फोडणी, अगरबत्ती, अत्तर, फिनेल यांचा वास नको. हात बिनवासाच्या साबणाने धुवा. मे महिन्यात ठाण्यातली खोली ३३-३४ अंशांवर असते, तेव्हा ग्लासातून अल्कोहोलची वाफ नाकावर आदळते. एसी २४-२५ वर ठेवून अर्धा तास आधी खोली थंड करा, पंखा बंद ठेवा. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही आणि बर्फ घालायचा नाही, थंडीने वास बसून जातो. नवी मुंबईतल्या एका बारमध्ये महागडी सिंगल कास्क मागवल्यावर ती मला बर्फाच्या डोंगरावर ओतून मिळाली. तुम्ही बाहेर चाखणार असाल तर "बर्फ नको, पाणी वेगळं" हे ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा.

५. मोजून ओता आणि थांबा

दोन ग्लासांत सिरिंजने १०-१० मिली. एवढंच. ६२ टक्क्यांच्या २० मिलीत १२.४ मिली शुद्ध अल्कोहोल असतं आणि ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीच्या पेगमध्ये १२.८. म्हणजे हे दोन चिमुकले ग्लास मिळून तुमचा नेहमीचा एक पेग झाला. डोळ्यांना ते कमी वाटतं आणि तिथेच लोक चुकतात.

बशी झाकून २० मिनिटं थांबा. मधे एक-दोनदा बशी उचलून वाफ जाऊ द्या. बाटली नुकतीच उघडली असेल तर पहिल्या दिवशीचा माल बऱ्याचदा आखडलेला लागतो, त्यावर निकाल देऊ नका.

६. रंग

यात वेळ घालवू नका. गडद रंग म्हणजे जुनी रम, असं नसतं; कॅरमेलने रंग देता येतो.

७. वास

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. माझी अर्धी बैठक वासातच जाते.

ग्लासात नाक खुपसू नका. ग्लास हनुवटीजवळ धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. जिथे वास येतो पण झोंबत नाही तिथे थांबा. ६० टक्क्यांना ते अंतर चार-पाच बोटं असतं. लांब श्वास ओढायचा नाही, दोन-तीन छोटे हुंगे पुरेत. मग ग्लास खाली ठेवून मिनिटभर थांबा. नाक बधिर वाटलं तर स्वतःच्या बाहीचा किंवा मनगटाचा वास घ्या.

पहिल्या पाच मिनिटांत नेलपॉलिश, व्हिनेगर, गोंद असं काहीतरी तीव्र पुढे येईल. वाशीला आम्ही तिथेच थांबलो होतो. तो वास बराचसा हलक्या, पटकन उडणाऱ्या घटकांचा असतो. थांबलात की खालून एकेक वास वर येतो. त्या रमच्या माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत: ५ मिनिटं – नेलपॉलिश, अननस. १५ मिनिटं – काळं पडलेलं केळं, कैरीच्या लोणच्याचा खार. ३० मिनिटं – काकवी, लवंग. ४५ मिनिटं – जुन्या कपाटातलं लाकूड, सुपारी. पाऊण तासात चार वेगळी पानं झाली. मनात पहिला आलेला शब्द लिहा, बरोबर-चूक बघू नका.

८. घोट

आधी साध्या पाण्याचा घोट घेऊन तोंड ओलं करा. मग पाणी न घातलेल्या ग्लासातून अगदी थोडी, अर्ध्या चहाच्या चमच्याहून कमी रम घ्या. जिभेवर, गालांच्या आतून, हिरड्यांवर फिरवा, पाच-सहा सेकंद ठेवा आणि गिळा. हा घोट तोंडाला सवय लावण्यापुरता. त्याबद्दल काहीही लिहू नका. दोन मिनिटांनी दुसरा घोट घ्या, चाखणं तिथून सुरू होतं.

गिळल्यावर तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडा. घशामागून वास नाकात येतो आणि बरीचशी चव तिथे कळते. तीन गोष्टी टिपा: लागताक्षणी काय, मधे काय, गिळल्यावर काय. हिरड्या आवळ्यासारख्या किंवा कच्च्या सुपारीसारख्या आवळत असतील तर ते लाकडातलं टॅनिन आहे. थोडं असलं की रमला आधार मिळतो, जास्त झालं की पिंपात माल फार दिवस राहिला असं समजा. शेवटची चव किती टिकते ते घड्याळ लावून पाहा. चांगल्या जमैकन रमची मी दहा मिनिटांहून जास्त टिकलेली पाहिली आहे.

९. पाणी, थेंबाथेंबाने

"पाणी घातलं तर खरी चव जाते" असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. तीव्र अल्कोहोल वासाचे बरेच घटक धरून ठेवतं, पाण्याने ते सुटतात. ६२ टक्क्यांना गप्प असलेली रम ५० ला कधीकधी मोकळी होते. उलटही होतं, काही रम ५५ च्या खाली आल्या की विस्कटतात. ते कळावं म्हणूनच दुसरा ग्लास आहे.

हिशोब सोपा आहे: आताचा टक्का भागिले हवा तो टक्का, त्यातून १ वजा करा, आणि उत्तराला ग्लासातल्या मिलीने गुणा. ६२ टक्क्यांच्या १० मिलीला ५५ वर आणायला सुमारे १.३ मिली पाणी, ५० वर आणायला एकूण २.४ मिली, ४६ वर आणायला ३.५ मिली. दर टप्प्याला ग्लास हलका फिरवा, पाच मिनिटं थांबा, हुंगा, एक घोट घ्या, पहिल्या ग्लासाशी ताडून पाहा आणि टिपा. घोट घेत गेलात की ग्लासात उरलेल्या मालाच्या अंदाजाने पाणी कमी करा. नळाखाली ग्लास धरायचा नाही, एकदा जास्त झालेलं पाणी परत काढता येत नाही.

पाणी घातल्यावर रम किंचित गढूळ झाली तर घाबरू नका. अल्कोहोल कमी झालं की त्यात विरघळलेले तेलकट घटक बाहेर येतात. थंड करून फिल्टरमधून काढलेल्या मालातून ते आधीच काढून टाकलेले असतात, तुमच्या बाटलीत ते शिल्लक आहेत.

१०. साखर घातली आहे का?

काही रममध्ये बाटली भरण्याआधी साखर घालतात आणि लेबलवर ते लिहितातच असं नाही. घरगुती तपास: १ मिली रम काचेच्या बशीत रात्रभर उघडी ठेवा. सकाळी लाकडाचा तपकिरी डाग राहिला तर ठीक. बोटाला पाकासारखं चिकट लागलं तर साखर आहे.

हायड्रोमीटर (द्रवाच्या घनतेवरून टक्का सांगणारं यंत्र) असेल तर अल्कोहोलचा टक्का मोजा. साखरेने घनता वाढते आणि टक्का लेबलपेक्षा कमी दिसतो. यंत्र २० अंशांसाठी जुळवलेलं असतं. ३० अंशांच्या खोलीत ते तीन-चार टक्के जास्त दाखवतं. ही दुरुस्ती न करता मोजलं, तर थोडी साखर असलेली रमही स्वच्छ ठरेल. १०० मिलीच्या आसपास माल लागतो, पण नळी स्वच्छ आणि कोरडी असेल तर तो बाटलीत परत ओतता येतो.

११. नोंद आणि निकाल

वेगवेगळ्या दिवशी तीन बैठका झाल्याशिवाय गुण देऊ नका. माझ्या वहीत दोन रकाने असतात: "मला आवडली का" आणि "चांगली बनली आहे का". ही दोन उत्तरं वेगळी येऊ शकतात. दुसऱ्या रकान्यासाठी मी हे बघते: अल्कोहोल जिभेच्या टोकाला टोचतं की ऊबेसारखं पसरतं, फळ आणि लाकूड यांत एकाने दुसऱ्याला दाबलंय का, तासाभरात काही बदलतं का, आणि शेवटची चव स्वच्छ राहते का. अर्ध्या तासानंतरही नेलपॉलिशखेरीज काही नसेल, साबण किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल, तर तो दोष आहे. "२०० पैकी ३७ वी बाटली" असं छापलेलं असणं हा गुण नाही.

शेजारी ओल्ड मंकचा छोटा ग्लास ठेवा. ओळखीची चव शेजारी असली की अनोळखी चवीचं वर्णन सोपं जातं. जमलं तर घरच्या माणसाला ग्लासांवर खुणा करून ओतायला सांगा, म्हणजे किंमत आणि नाव डोक्यात राहत नाही. एका संध्याकाळी दोनच नमुने. तिसऱ्याच्या नोंदी मला सकाळी वाचून कधीच पटलेल्या नाहीत.

गाडी चालवायची नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल आहे. माझी खारघरची मैत्रीण चाखायला येते तेव्हा मुक्कामालाच येते.

१२. बाटली ठेवणं

वाइनसारखी आडवी ठेवू नका. ६० टक्के अल्कोहोल बुचाला खातं आणि बूच भुसभुशीत होऊन तुटतं. उभी ठेवा, उन्हापासून लांब, कपाटात. जुन्या संपलेल्या बाटल्यांची दोन-तीन चांगली बुचं धुऊन-वाळवून जवळ असू द्या. बाटली तिसऱ्या हिश्श्यावर आली की आत हवा जास्त होते आणि वरचे हलके वास आधी जातात. तेव्हा उरलेली रम काचेच्या ५०-१०० मिलीच्या बाटल्यांत काठोकाठ भरा. मित्रांना यातली एखादी द्या, पण विकू नका, परवान्याशिवाय विक्री हा गुन्हा आहे. प्रत्येक बाटलीवर नाव, टक्का आणि भरल्याची तारीख पेन्सिलीने लिहून चिकटवा. शाईचं लिहिलेलं रमचा एक थेंब ओघळला तरी पुसलं जातं.